अर्धी खिडकी

मिलानला येऊन दोरानं ना कॅथेड्रल पाहिलं, ना दुकानं. पाहिल्या त्या लोकांच्या मोऱ्या. एका मोरीत केसांचा पुंजका, दुसरीत काळी बुरशी, आणि तिसऱ्या घरी तर ढुंगण धुवायच्या बिदेत चक्क कांदे भरून ठेवलेले. "इथं गार राहतात," घर दाखवणारा मुलगा म्हणाला. दोरानं नाक दाबलं.

"ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाहुणे उतरतात," तिनं त्याला सुनावलं. "समुद्रासाठी येतात, पैसे मोजून राहतात. चादरीवर एक डाग दाखव, पैसे परत."

"मग तिथंच राहा ना, बाई," मुलगा जांभई देत म्हणाला.

तिथंच राहून चाललं असतं तर ती दक्षिणेतल्या कालाब्रियातून इतक्या लांब आली असती का? तिच्या लेकीला, इलेनियाला, इथल्या विद्यापीठात सुईणीच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. घरात याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. सोमवारी वर्ग सुरू होणार, हजेरी सक्तीची, आणि एक जागा रिकामी झाली की यादीतला पुढचा टपलेलाच. मायलेकी ज्या मावसभावाच्या सोफ्यावर झोपत होत्या त्याच्या बायकोनं आज सकाळी कॉफी देताना विचारलं होतं, "मग, आज निघताय ना?" दोराची गाडी संध्याकाळची होती. तोवर खोली मिळाली नाही तर लेकही तिच्याबरोबर त्याच गाडीत, आणि सुईणपण गेलं खड्ड्यात.

शेवटचा पत्ता उरला होता तो घरमालकीण सिन्योरा पोत्सोलींचा, विद्यापीठाच्या मागच्याच गल्लीत. जिना संगमरवरी, दारावर पितळी पाटी. आत शिरताच लोकरीच्या फडक्यांची जोडी पुढं आली. त्यांवर पाय ठेवून घसरत चालायचं, म्हणजे मेण लावून चकचकीत केलेल्या फरशीवर ओरखडा येत नाही. दोराला बरं वाटलं. शहरात एक तरी स्वच्छ बाई भेटली, असं म्हणत ती घसरत निघाली.

बोळाच्या टोकाला सिन्योरांनी दार उघडलं आणि दोराचं बरं वाटणं तिथंच संपलं.

मूळची खोली चांगली ऐसपैस असावी. तिच्या मधोमध कुणीतरी पुठ्ठ्यासारखी पातळ भिंत घातली होती, आणि ती भिंत सरळ जाऊन खिडकीच्या बरोबर मध्यावर आदळली होती. दोन झडपांची खिडकी. एक झडप इकडे, एक तिकडे. इकडे एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीला टेकवलेलं कपाट, ज्याचं दार खाटेला अडून अर्धंच उघडत होतं. गादीवर आधीच्या कुणाच्या तरी घामाचे पिवळे डाग वाळलेले. हवा कोंदट, आंबूस.

दोरा खिडकी उघडायला गेली. तिनं झडप ओढली, चाचपली. मूठच नव्हती.

"मूठ पलीकडच्या झडपेला आहे," सिन्योरा म्हणाल्या. गळ्यातले मोती त्या एका बोटानं फिरवत होत्या. "तिकडे उदिने गावची एक मुलगी राहते. भिंतीवर ठोकलं की ती उघडते. चांगली मुलगी आहे."

"आणि तिनं नाही उघडलं तर?"

"का नाही उघडणार?"

"भाडं तरी अर्ध्या खिडकीचं घेता ना?"

सिन्योरा हसल्या. मग त्यांनी नियम सांगितले. कपडे गुरुवारी धुवायचे. पाहुणे नकोत. आईवडील दारापर्यंत. "आणि तळण अजिबात नको. वांगी, मिरच्या, ते तुमचं तिखट सॉसेज, काही नको. पडद्यांना वास बसतो. तुम्ही दक्षिणेकडच्या, म्हणून आधीच सांगितलेलं बरं."

"आणि पैशाचा वास? तो बसलेला चालतो वाटतं पडद्यांना?"

"बाई, मला विचारणाऱ्यांची रांग आहे. तुम्हाला नको तर राहिलं."

दोरानं लेकीचं मनगट धरलं आणि फडकीबिडकी न घेता तरातरा त्या चकचकीत फरशीवरून चालत जिन्यात आली. तिला अक्षरशः शिसारी आली होती. नाव मोठं, लक्षण खोटं. दारावर पितळ, गळ्यात मोती आणि आत पोरींना कोंबून ठेवलंय.

"कोंबड्यांचं खुराडं बरं," ती म्हणाली. "निदान त्याला जाळी असते, वारा येतो. माणसाची नड बघून खिडकी चिरणारी ही बाई! हिच्या हातची कॉफीसुद्धा पिऊ नये. चल, उचल बॅग."

इलेनियानं बॅग उचलली नाही. पायरीवर बसली.

"मम्मा, आपल्या वरच्या खोलीत पप्पांनी फळी कधी ठोकली?"

"त्याचं इथं काय?"

"कधी ठोकली?"

"मागच्या उन्हाळ्यात. एका खोलीच्या दोन झाल्या म्हणून तर तुझ्या शिकवणीची फी भरली."

"दिव्याचं बटण कुठल्या बाजूला राहिलं?"

ऑगस्टभर सगळं घर पाहुण्यांना द्यायचं आणि आपण खाली गॅरेजमध्ये खाटा टाकायच्या, हे त्यांच्या गावात सगळेच करतात. त्यात लपवण्यासारखं काय?

"बेर्गामोहून पाहुणे आले होते," इलेनिया म्हणाली. "त्यांची छोटी मुलगी अंधाराला घाबरायची. तिच्या आईनं विचारलं, बटण कुठंय? तू काय सांगितलंस, आठवतं?"

दोराला आठवत होतं. हातात इस्त्रीच्या चादरी घेऊन, हसत सांगितलं होतं. फळीवर ठोका, पलीकडचे लावतात. चांगली माणसं आहेत.

"आमच्या चादरी स्वच्छ असतात," ती म्हणाली.

"हो," इलेनिया म्हणाली. "असतात."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. दोराला लेकीचा राग आला, मग सिन्योरांचा, मग त्या मोत्यांचा, आणि सगळ्यांवर राग काढून झाला तरी तो संपेना. कांद्यांच्या वेळी आली नव्हती इतकी किळस आता येत होती, आणि आता नाक दाबून उपयोग नव्हता.

"मला काय ती खोली आवडलीय असं वाटतं का तुला?" इलेनिया हळू आवाजात म्हणाली. "मला सोमवारी वर्गात बसायचंय."

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते. ती बाजूला ठेवावी लागते, एवढंच. दोरानं बेल पुन्हा वाजवली, फडक्यांवर पाय ठेवले, आणि घसरत जाऊन अनामत मोजली. सिन्योरांनी "मला माहीत होतं" असं तोंडानं म्हटलं नाही, पण मोती फिरवले.

मग आजच्या दिवसापुरती आत यायची परवानगी काढून दोरा खालच्या दुकानातून जंतुनाशकाची बाटली घेऊन आली. बोळातल्या सामाईक मोरीच्या तोंडातून तिनं बोटांनी केस ओढून काढले, अनोळखी पोरींचे लांब, बुळबुळीत केस, आणि दोनदा ओकारी गिळली. खोलीची फरशी घासली, खाटेचे लोखंडी पाय पुसले, गादी उलटी केली. खालची बाजू वरच्याहून वाईट निघाली, तेव्हा पुन्हा सुलटी करून तिच्यावर घरून आणलेली पांढरी चादर ताणून बसवली. डाग दिसेनासे झाले. चादरीवर खरंच एक डाग नव्हता.

पण आता त्या एवढ्याशा जागेत औषधाचा उग्र दर्प भरला. इलेनियाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ती खोकायला लागली.

दोरानं भिंतीवर ठोकलं. पलीकडे काही हललं नाही. तिनं पुन्हा ठोकलं, मग मूठ वळून जोरात.

"ती बाहेर गेली असेल," इलेनिया तोंडावर बाही धरून म्हणाली. "जा तू. गाडी चुकेल. आली की उघडेल ती."

"चांगली मुलगी आहे," दोरा म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडातले शब्द तिला कडू लागले.

तरी ती ठोकतच राहिली. बेर्गामोची ती मुलगी अशीच ठोकत होती, लहान मुठीनं, थांबून थांबून. पलीकडचे लोक समुद्रावर जेवायला गेले होते. खाली गॅरेजमध्ये खाटेवर पडल्यापडल्या दोराला तो आवाज चांगला ऐकू येत होता. दिवसभराच्या कामानं पाठ मोडली होती, वर जायला जिना चढावा लागला असता. पलीकडचे येतील की आता, असं म्हणून तिनं कूस बदलली होती.