घरच्या मापाचा पांढरा कोट

शटर वर केलं की शिंपी आधी फोटोची काच पुसायचा आणि मग मशीन. फोटोत त्याची लेक पदवीदानाचा काळा झगा घालून उभी होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. गिऱ्हाईक पँट आखूड करायला येवो की चेन बदलायला, फोटोची हकिगत ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. लेक आठ महिन्यांपासून औषधाच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, हेही त्यात आलंच.

त्या सकाळी त्याच कारखान्याच्या सुपरवायझर बाई दुकानात आल्या. खाली पॅकिंगला बसणाऱ्या बायकांसाठी तीस निळे एप्रन आणि प्रयोगशाळेतल्या एका मुलीसाठी पांढरा कोट शिवून हवा होता.

"कोटाचं माप लिहून आणलंय," बाई म्हणाल्या.

"राहू द्या हो, माप घरचंच आहे." शिंपी खुशीत हसला. "माझीच मुलगी तुमच्याकडे. ही बघा."

बाईंनी फोटो पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"ही तर आमच्या खालच्या मजल्यावर असते. बाटल्यांना लेबलं लावते."

"तुमचा काहीतरी घोळ होतोय. ती वर असते."

"काका, रोज हजेरी घेते मी तिची. अर्जात दहावी लिहिलंय तिने."

शिंप्याने टेप गुंडाळली, परत उलगडली, आणि एप्रन फिके हवेत की गडद, हे दुसऱ्यांदा विचारलं. बाई काही वाईट नव्हत्या. जाताना मापाचा कागद मशीनवर ठेवून हळूच म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही. पण दहावीपुढे शिकलेली नाही, असं उद्या लेखी द्यायला सांगा तिला. आणि हा फोटो काढा. साहेबांची गाडी याच रस्त्याने जाते."

संध्याकाळी लेक घरी आली. बापाने चहाचा कप पुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "लेबलं नीट चिकटतात का गं?"

तिला कळायचं ते कळलं.

"वर जागा होती, अप्पा. वर्षभर बिनपगारी उमेदवारी करा, मग बघू, म्हणाले. वर्षभर आपण खायचं काय? माझ्या वर्गातली ती डॉक्टरांची मुलगी, माझ्या वह्या उतरवून पास झालेली, तिला घेतलं. तिच्या घरी पगाराची वाट कोण बघतंय?"

"मग खाली तरी खरं सांगायचं."

"तीन ठिकाणी सांगितलं. तुम्ही जास्त शिकलेल्या, टिकणार नाही, म्हणाले. चौथ्या ठिकाणी मी दहावीच लिहिली."

इथे लिहिणाऱ्याचाच संताप होतो. कमी शिकलेल्याला सांगायचं, शिकला नाहीस म्हणून काम नाही. हिला सांगायचं, शिकलीस म्हणून नाही. आणि जिथे हिच्या शिक्षणाचं काम आहे, तिथे वर्षभर फुकट राबणं परवडेल असा बाप लागतो. एवढं करून आपण पेपर चाळत म्हणायला मोकळे, की हल्लीच्या मुलांना कष्टच नकोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याने स्टुलावर चढून फोटो उतरवला. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला होता. कामाला निघालेल्या लेकीने तो दारातून पाहिला.

कारखान्यात बाईंनी कागद पुढे सरकवला. लेकीने पेन घेतलं आणि दहावीपासून एम.एस्सी.पर्यंत सगळं लिहिलं. टक्केवारीसुद्धा.

"अगं, आजच घरी बसशील," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. वर तपासणीला माणसं कमी पडतात म्हणता ना? मला ते काम येतं. पगार देऊन घ्या, म्हणावं साहेबांना."

साहेबांनी मान वर न करता विचारलं, फुकट यायला रांग लागलेली असताना पगार कशाला? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी ती फाटकाबाहेर होती.

आठवड्याने बाई कपडे न्यायला आल्या. एप्रन तीसच्या तीस तयार होते. कोट मात्र त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"हे मी दिलेलं माप नाही."

"नाही. माझ्या मुलीचं आहे. कागदावरचं माप जिचं आहे तिच्यावर राग नाही माझा. पण तिचंही काम फुकटच चाललंय ना? फुकटच्या कामाचा कोट माझ्या हातून नाही व्हायचा."

"काका, कारखान्याची सगळी शिलाई जाईल तुमची."

"जाऊ दे."

फोटो पुन्हा आपल्या खिळ्यावर गेला आणि त्याच्याखाली हँगरला तो कोट. लेक रोज सकाळी तिथूनच निघते, पिशवीत खरं शिक्षण लिहिलेले नोकरीचे अर्ज घेऊन. अजून तरी ती रिकाम्या हातानेच परतते.

परवा एका गिऱ्हाइकाने कोटाचं कापड चाचपत विचारलं, "विकायचा आहे का हो?"

"नाही," शिंपी म्हणाला. "तुमच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार ठेवतात का, ते सांगा आधी."

गिऱ्हाइकाने हात मागे घेतला आणि पँट कधी मिळेल, ते विचारलं.