लहानूकाकांची दुसरी प्रत

नागपूरला धंतोलीतल्या एका इको सेंटरमध्ये, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात तिथे, मी अकरा वर्षं रिपोर्ट टाइप करते आहे. माझं इंग्रजी यथातथाच, पण विशेषणाआधी येणारे शब्द मला तोंडपाठ आहेत. माइल्डली म्हणजे गोळ्या, मॉडरेटली म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा या, आणि सिव्हिअरली म्हणजे घरच्यांना आत बोलवा. अख्खं घर त्या एका शब्दाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

मागच्या महिन्यात भिवापूरच्या लहानूकाकांचा रिपोर्ट केला. हृदयाची झडप 'सिव्हिअरली नॅरोड', म्हणजे फारच अरुंद झालेली. त्यांचा मुलगा अंकुश माझ्या टेबलापाशी आला.

"प्रेमिलाताई, बाबाले हे समजलं तर तो धसक्यानंच जाईन. त्याच्यापुरती एक वेगळी कॉपी काढून द्या ना. ऑपरेशनचं मी हळूहळू सांगतो."

आपल्याकडे पेशंटपासून आजार लपवणं ही मायाच समजतात. माझ्या वडिलांपासून आम्हीही लपवलं होतं. मला भरून आलं आणि मी अक्कल गहाण ठेवली. दुसऱ्या प्रतीत 'माइल्डली', म्हणजे थोडीशीच, असं टाइप केलं. आमच्या डॉक्टर नंदिनी मॅडमच्या सहीचा शिक्काही मीच मारला.

आज दुपारी अंकुशचा फोन आला. "ताई, उद्या ऑपरेशनसाठी भरती व्हाचं हाय, अन् बाबा घरून हलूनच नाही राहिला. त्यानं तो कागद गावच्या मास्तरकडून वाचून घेतला. म्हनते, थोडंसंच हाय तं छाती काहून फाडू? मी खरा रिपोर्ट दाखवला, तं म्हनते तूच दवाखान्यावाल्याइले सामील हायेस."

सर्जनला गेलेल्या चिठ्ठीत 'लवकरात लवकर' हे मीच टाइप केलं होतं. मी म्हटलं, काकांना फोन दे.

"काका, तो कागद खोटा हाय. मीच तसा टाइप केला. तुमची झडप भल्लीच अरुंद झाली हाय. हात जोडते, उद्या या."

पलीकडून काकांची धाप ऐकू येत होती. बसल्या जागी त्यांना दम लागला होता.

"पोरी," काका म्हणाले, "तवा खोटं लिवलं का आता खोटं बोलून राहिली, मले कसं समजन? डॉक्टरीनबाईच्या तोंडून आयकल्याबिगर मी येत नाही."

मॅडमची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. दोन वर्षांपूर्वी एका रिपोर्टवर नुसतं नाव चुकलं, तर त्यांनी माझ्यासोबत टाइप करणाऱ्या रोशनला त्याच दिवशी कामावरून काढलं. मी तर रिपोर्टच बदलला होता. घरात पगार माझा एकटीचा, त्यात मुलीची, पायलची बारावी. वाटलं, अंकुशनंच बघून घ्यावं, बाप त्याचा आहे. पण कानातून काकांची धाप जाईना. शेवटी उठले.

"मॅडम, माझ्याकडून थोडीशी चूक झाली."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "थोडीशी?"

"नाही मॅडम, फार मोठी. आधी भिवापूरला फोन लावा, मग मला काढा."