लागलं तर हात वर

क्लबची जागा म्हणजे एके काळचं गोदाम. छत उंच, खिडक्या एवढ्याशा, जमिनीवर रबराच्या तीन लांब पट्ट्या आणि खुंट्यांवर जाळीचे मास्क, ज्यांचा घाम कधी वाळतच नसे. प्रशिक्षक दोनच. एक अठ्ठावन्न वर्षांचे सर, आणि दुसरी ताई. ती तलवार धरायला सरांकडेच शिकली आणि गेली बारा वर्षं त्यांची सहायक होती. दारासमोरच्या भिंतीवर सरांनी स्वतः ब्रशने लिहिलं होतं, 'लागलं तर हात वर.' वार लागल्यावर दिवा पेटवणारं मशीन आलं नव्हतं, तेव्हाची ही क्लबची रीत. टोक ज्याला लागलं त्यानेच कबूल करायचं. मशीन आल्यावरही सरांनी ती सोडली नाही आणि तिचा त्यांना भारी तोरा होता.

शनिवारी क्लबची समिती आली, पालकही आले. पुढच्या वर्षीपासून मुख्य प्रशिक्षक सर की ताई, हे ठरायचं होतं. अध्यक्षांना तलवारबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "दोघं लढूनच दाखवा की!" नेमकं मशीन रुसलं.

"सर, दुरुस्त झाल्यावर लढू," ताई म्हणाली.

सरांनी छाती फुगवून पालकांना सांगितलं, "मशीन कशाला हवं? आमच्याकडे माणूस स्वतः सांगतो."

पाच वारांची लढत. चार-चार झाले. मग ताईचं टोक सरांच्या डाव्या बरगडीवर टेकलं. पातं जेमतेम वाकलं, बघणाऱ्यांना काही कळलं नाही. सरांना मात्र नीट कळलं. हात वर करायचा, एवढंच होतं. त्यांनी केला नाही. ताई क्षणभर थांबली, मग पुन्हा सज्ज झाली. दुसऱ्यांदा टोक खांद्यावर बसलं. हात तेव्हाही खालीच. तिसऱ्या झटापटीत सरांचा वार ताईला ओझरता लागला, आणि तिने लगेच हात वर केला.

"सर, तुमच्यापुढे उभं राहायची कुणाची टाप आहे!" अध्यक्ष टाळ्या पिटत म्हणाले. पद जागच्या जागी ठरलं. ताईने मास्क काढून रीतसर सलाम केला आणि मुलांचे हातमोजे गोळा करायला लागली. ती चिडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

रविवारी बायकोने काळेनिळे डाग बघितले. "हे काय?"

"दार लागलं."

"दोन-दोन दारं?" ती हसली. सरांनी घाईने सदरा चढवला. लाजेने त्यांना तिच्याकडे बघवेना.

सोमवारी पहिल्याच पट्टीवर दोन मुली भांडत होत्या. "सर, हिला लागलं तरी ही हात वर करत नाही!"

"नाही लागलं!" दुसरी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

अशा वेळचं सरांचं भाषण ठरलेलं असे. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवायला हात उचलला. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. मग तोच हात त्यांनी सरळ वर नेला.

"शनिवारी चार-चार असताना वार आधी मला लागला होता. ताई जिंकली होती. मी सांगितलं नाही."

लाल कानांच्या मुलीने हळूच हात वर केला. सरांना जरा हलकं वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं असंही वाटून गेलं.

पलीकडच्या पट्टीवर ताई एका मुलीच्या मास्कचा पट्टा आवळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती वेळा, सर?"

"एकदा," सर म्हणाले. शब्द तोंडातून सुटला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने पट्टा सोडला. "शनिवारचं मी कधी ना कधी विसरले असते, सर," ती शांतपणे म्हणाली. "आत्ताचं नाही विसरता यायचं."

सरांनी तिथेच, सगळ्या मुलांसमोर, खिशातून फोन काढला.

"बोला, मुख्य प्रशिक्षक!" पलीकडून अध्यक्षांचा आवाज खुशीत होता.

"दोनदा," सर म्हणाले. "मला दोनदा लागलं होतं."

ताई पुढच्या मुलीचा पट्टा आवळायला वळली होती.