पालथा हात

…तो टरफलाचा तुकडा अजून तिथंच, पांढऱ्या कागदावर, नखाएवढा, आतून जाळीदार, कडेला चिकट — आणि त्याच्याभोवती पसरत चाललेला तपकिरी डाग. सकाळी नऊला तिनं तो पोत्याच्या तळातून उचलला होता. आता अकरा वाजले तरी मेला डाग काही थांबत नव्हता. पोत्यात नुसती सालं हवी होती, काजूगरावरची पातळ, लालसर, फुंकरीनं उडणारी. काजूचे कारखानेवाले पूर्वी ती जाळून टाकायचे, आता इथं, या क्रीमच्या कारखान्यात, ती भिजवून, गाळून त्यांचा अर्क चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालतात. टरफल चालत नाही. टरफलात चीक असतो, कातडी जाळणारा. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आणि त्याच पोत्यातला अर्धा माल कालच क्रीममध्ये गेला होता.

त्याच क्रीमचा एक डबा समोर होता. तिनं त्यातला ठिपका झोंबतो का पाहायला कोपराच्या आत लावून वर पट्टी चिकटवली होती. चार वाजता माल न्यायला गाडी, त्याआधी तपासणीच्या कागदावर तिची सही.

"अहो बाई, एका तुकड्यानं काय आभाळ कोसळणार आहे का?" साहेब म्हणाले होते. "उगाच राईचा पर्वत करू नका."

एक तुकडा सापडला, साहेब. न सापडलेले किती, ते कोण सांगणार?… पण हे ती बोलली नाही. तुकडा पोत्यात कसा आला असेल, तेही बोलली नाही. तिला पक्कं ठाऊक होतं. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायची खोली वेगळी, सालं काढायची वेगळी. पण पाळी संपताना दमलेल्या बायका दोन्ही खोल्या एकाच झाडूनं झाडून मोकळ्या होतात. तिची आईही तिथंच कामाला होती, तीही तेच करायची. "तेवढीच दहा मिनिटं लवकर सुटते गं," म्हणायची. लवकर कुणासाठी? माझ्यासाठीच. रोज दारात उभी राहून, उशीर का केलास म्हणून मीच तर तिचं डोकं खायचे.

आईचे तळहात काळे होते. राख चोळून बसली तरी चीक बोटांत शिरायचाच. कातडी सोलून निघायची, नवी यायची, तीही काळी. ताप पाहायचा तर ती पालथा हात कपाळाला लावायची. गाल कुरवाळायचा तरी पालथाच.

"सरळ हात लाव ना, आई!"

"नको गं राणी, झोंबेल तुला."

आणि मी — शाळेत बक्षीस होतं त्या दिवशी, बाई आईशी बोलायला समोरून येत होत्या, तेव्हा मी काय म्हणाले? हळूच म्हणाले, पण म्हणालेच. आई, हात मागे ठेव. तिनं ठेवले. हसून ठेवले! त्यानंतर ती माझ्याबरोबर जिथं जिथं आली तिथं हात मागे घेऊनच उभी राहिली, आणि शेवटच्या आजारात मी उशाशी बसले की हात चादरीखाली सरकवायची… माझी मलाच लाज वाटते, अजून वाटते.

साडेतीनला तिनं पट्टी काढली. जरा लाल होतं. पट्टीनंही होतं तसं. खाजत होतं की खाजेल या भीतीनंच खाजत होतं? तिनं पेन उघडलं.

"मावशी, काय मऊ आहे हो हे!" पॅकिंगची बडबडी — दोन लेकरांची आई, तोंडाला क्षणाची उसंत नाही — दारात उभी होती. "मघाशी तुमच्या डब्यातलं बोटभर घेतलं. दोन्ही गालांना चोपडलं. रागावलात का?"

ती ताडकन उठली. पेन टेबलावरून घरंगळत गेलं.

"इकडे ये. उजेडात ये आधी."

"अगंबाई, झालं काय?"

बडबडीचे गाल चकाकत होते. लाली होती, धावत आल्याची असेल, नसेलही. तिनं हात पुढं केला. सगळा दिवस तो तुकडा, ती सालं चाळलेली बोटं… मध्येच हात आपोआप वळला, आणि पालथी बोटं त्या गालावर टेकली.

"ताप बघताय होय माझा?" बडबडी हसली.

गाल गरम होता की आपला हात गार, तिला कळेना. डोळे भरून आले. तिनं हात काढला नाही. दुसरा मात्र, कोण जाणे कधी, स्वतःच्याच पाठीमागे गेला होता.