देवदूताचा चेहरा

व्हान्नीचा कुंचला हिरव्या रंगात बुडाला आणि देवळाच्या भिंतीवरच्या देवदूताच्या गालाकडे निघाला, तशी दियानोराने बापाचं मनगट धरलं.

"मी करते, बाबा. तुमचा खांदा दुखतोय ना?"

"दुखतोय खरा."

खांदा ठणठणीत होता. गेले होते ते डोळे, मागच्या कापणीपासून. दोघांनाही ठाऊक होतं, पण त्याबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं. गावाला कळलं असतं तर भिंत दुसऱ्या चिताऱ्याकडे गेली असती. काम वरून खाली उतरत न्यायचा रिवाज मोडून व्हान्नीने हा चेहरा मागे ठेवला होता. आज सकाळी तेवढ्याच जागेवर ओला गिलावा चढला. तो सुकायच्या आत रंग भरला नाही, तर सगळं खरवडायचं.

दियानोराचा हात भराभर चालू लागला.

"व्हान्नी!" खालून पाद्री अन्सेल्मो ओरडले. "अब्राहामाच्या सुऱ्याखाली बळी जाणारा त्याचा मुलगा इसहाक आहे, की द्राक्षमळ्यात सापडलेला तो संगमरवरी रोमन देव?"

तिने कुंचला बापाच्या मुठीत कोंबला.

"देह देवानेच घडवलाय, फादर. त्या रोमन कारागिराने नुसता नीट पाहिला," व्हान्नी वरून म्हणाला.

"जीभ आवर. मी वर येतोय."

शिडी करकरली. गिलाव्याची कड पांढरी पडू लागली होती आणि देवदूताला अजून ओठ नव्हते. पाद्री हटेनात.

"तुझा हात म्हातारपणी निवळला रे," ते शेवटी म्हणाले.

"तसंच म्हणायचं," व्हान्नी म्हणाला. लेकीकडे त्याने मान वळवली नाही.

पाद्री उतरले. सुकत्या चुन्यावर तिने ओठ कसेबसे साधले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच व्हान्नी तिच्या आधी परांचीवर चढला. फळी कुठे संपते ते त्याला दिसलं नाही.

दुपारी त्याला त्याच भिंतीखाली निजवलं होतं, भोवती गाव जमला होता. दियानोरा त्याच्या नखांतला रंग काढत होती.

"खालचे डोंगर राहिले," पाद्री हळू आवाजात म्हणाले. "त्याचा हात त्याच्याबरोबर गेला, पोरी. नवा चितारी दुसऱ्याच्या अर्ध्या कामाला शिवणार नाही. भिंत खरवडावी लागेल."

गप्प राहावं तर भिंत जात होती. बोलावं, तर साऱ्या गावादेखत बाप खोटा ठरत होता. तिने त्याचा हात छातीवर नीट ठेवला आणि ती उठली.

"त्यांना दिसत नव्हतं, फादर. वर्षभर. इसहाक माझा, देवदूत माझा. डोंगरही मी करीन." तिचा आवाज देवळात घुमला. "पण अब्राहाम त्यांचा आहे. दिसत होतं तेव्हाचा. त्याला हात लावू नका."