भुईकळशीचं प्रमाणपत्र

भुईकळशी हे विकायला अत्यंत गैरसोयीचं झाड आहे. पानं बाराही महिने हिरवी, बदामाच्या आकाराची, गर्द सावलीतही चकाकणारी, इथवर ठीक. पण फूल तपकिरी, अंगठ्याएवढ्या मडक्यासारखं, आणि तेही जमिनीला टेकून पाचोळ्याखाली. गिऱ्हाईक विचारतं, "फूल कुठंय?" मग गुडघे टेकून दाखवावं लागतं. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला सात वर्षं. तेवढ्या काळात गिऱ्हाइकाचं घर, बायको आणि बागेची हौस, यांतलं काहीही बदलू शकतं.

आमच्या रोपवाटिकेत ती वाढवायचं काम थोरल्या ताईचं, विकायचं माझं. म्हणजे ती सात वर्षं गप्प बसायची आणि मी सात मिनिटं बोलायचो.

एका इस्पितळाच्या आतल्या अंगणासाठी आर्किटेक्टबाईंनी तीनशे रोपं मागितली. पेशंटना खिडकीतून 'इथल्याच मातीतलं' काहीतरी दिसायला हवं होतं. सोबत प्रमाणपत्र हवं : ही रोपं रोपवाटिकेत वाढवली आहेत. ती जंगलातून उपटलेली नाहीत. सही वाढवणाऱ्याची.

ताईकडे होती साठ. "साठच सांग," ती म्हणाली.

मी तीनशे सांगितली आणि उरलेल्यांसाठी घुशीला फोन केला. घूस म्हणजे रानातून कंद, नेचे, शेवाळ खणून आणणारा माणूस. त्याचं खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. "एका जागेवरून सगळी उचलू नकोस," असं मी त्याला बजावलं. माझ्यात विवेक तेवढाच शिल्लक होता, तोही फोनवरचा.

पाचव्या दिवशी सकाळी घुशीनं टेम्पोतून क्रेट उतरवले. दुसऱ्या रोपवाटिकेचा माल आहे, असं मी ताईला सांगितलं. तिनं मान डोलावली, एक रोप उचललं आणि सवयीनं मुळांची माती अंगठ्यानं झटकली. मुळं कुजकी तर नाहीत, हे ती नेहमीच बघते.

मुळांमध्ये पांढरे दाणे होते. कुंडीत पाणी साचू नये म्हणून आम्ही मातीत पर्लाइट मिसळतो, त्याचे. रानातल्या मातीत ते नसतात. तिनं दुसरं रोप झटकलं, मग तिसरं. सगळीकडे तेच.

मला हायसं वाटलं. घुशीनं खरोखरच कुणाच्या तरी रोपवाटिकेत डल्ला मारला होता. माझी थाप आपोआप खरी झाली होती.

"कुठून काढलीस रे?" ताईनं घुशीला विचारलं.

"नाल्याच्या वरच्या उतारावरनं, ताई. काय तरारलीत बघा! ओळीनं होती, कुणी मुद्दाम लावल्यासारखी."

"मीच लावलीत."

पंधरा वर्षांपूर्वी त्या उतारावरची मोठी झाडं तोडली गेली, तेव्हा भुईकळशीही संपली होती. सावली परतू लागली तशी ताई दरवर्षी वीस-एक रोपं तिकडे नेऊन लावत आली होती. मला सांगायची, मेली म्हणून. "तुझ्या हाताला यश नाही बघ," असं मी तिला चारचौघांत ऐकवत आलो होतो.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू विकली असतीस."

यावर मी वाद घातला असता, पण पुरावा क्रेटमध्ये होता.

ती घुशीकडे वळली. "मागे किती ठेवलीस?"

घूस मान खाजवत म्हणाला, "भाऊ म्हणाले होते, एका जागेवरनं सगळी नको. चार दिवस हिंडलो, ताई. दुसरी जागाच नाही. अख्ख्या रानात तेवढीच होती."

"आणि बारकी? आपसूक रुजलेली, दोन पानांची?"

"ती पायाखाली गेली, ताई," घूस आपल्या बुटांकडे बघत म्हणाला.

मी सावरायला गेलो. "ताई, एका अर्थी प्रमाणपत्र खरंच आहे की. वाढवलीत आपणच."

"दुसरं वाक्य वाच."

मी कागद उलगडला. तोवर ती मुळांभोवती गुंडाळायला गोणपाटं भिजवू लागली होती.

दुपारी आम्ही तिघं उतारावर होतो. घुशीनं खणलेले खड्डे तसेच उघडे होते, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. उन्हाळा तोंडावर होता. लावणीचा हंगाम पावसानंतरचा. जगतील का, असं मी दोनदा विचारलं. ताई रोपाची मान मातीच्या वर राहील अशी धरून माती दाबत होती. घूस मागून पाणी घालत होता.

मी बाजूला जाऊन बाईंना फोन केला. साठच मिळतील म्हटल्यावर त्यांनी दोन मिनिटांत निर्णय घेतला : अंगणात पांढरे गोटे टाकायचे. गोट्यांना प्रमाणपत्र लागत नाही.

"ताई, बाईंना आता साठही नकोत."

"मग तीही घेऊन ये," ती मान वर न करता म्हणाली. "ही मेली तर निदान बी टाकायला कुणीतरी हवं इथं."

"अगं, मग रोपवाटिकेत काय उरेल?"

"तू आहेस की," ताई म्हणाली आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकली.