प्राध्यापक धर्मराज यांचा सत्कार

महापेच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नंदिनीने मोबाइल सगळ्यांसमोर धरला आणि अस्मिताने उचललेला घास डब्यात परत ठेवला. नव्या सिनेमाची झलक होती. लग्नाचा मांडव. शालीखाली पिशवी दडवून निघालेला देखणा चोर. त्याच्यामागे त्याचाच नारळ घेऊन धावणारा एक बावळट माणूस. रिक्षा सुटता सुटता तो बावळट नारळ चोराच्या मांडीवर ठेवतो आणि वर हात जोडतो.

"कसला भारी आहे यार!" नंदिनी हसून हसून वाकली. "खरी स्टोरी आहे म्हणे."

खरीच होती. तो मांडव अस्मिताच्या लग्नाचा होता आणि तो बावळट म्हणजे तिचा दत्तूमामा.

घणसोली गावातल्या त्या लग्नात त्या चोराला, धर्मराजला, कुणीच ओळखत नव्हतं. त्याने काय अडतं? मांडवात शिरून त्याने माइकवाल्याच्या हातात चिठ्ठी ठेवली : 'प्राध्यापक धर्मराज, ज्येष्ठ विचारवंत.' लग्न थांबवून मान्यवरांचे सत्कार करायची आपली रीतच आहे. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे सर असतील. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पुढची खुर्ची मिळाली. बौद्धाचार्यांना यायला उशीर होत होता, तेव्हा 'पंचशील मी देतो' म्हणून माइकही त्यानेच घेतला. आवाज असा, की म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरून आले.

वंदनेला सगळा मांडव हात जोडून उभा राहिला. दागिन्यांची पिशवी दत्तूमामाकडे होती. पिशवी धरून वंदना कशी घ्यायची? त्याने ती पायाशी ठेवली, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. अख्ख्या मांडवात मोकळा हात एकाच माणसाचा होता, ज्याच्या दुसऱ्या हातात माइक होता त्याचा. मागच्यांना नीट ऐकू जावं म्हणून तो बिनवायरचा माइक घेऊन खाली उतरला. न दिलेली वस्तू घेणार नाही, असं लोकांकडून म्हणवून घेता घेता त्याने पिशवी उचलली आणि सत्काराची शाल तिच्यावर टाकली. मग दुसऱ्या लग्नाला जायचंय म्हणून निघाला. सर न जेवता चालले म्हणून दत्तूमामाच हळहळला आणि त्यांचा विसरलेला नारळ घेऊन रिक्षापर्यंत धावला.

पिशवी गेल्याचं कळलं तेव्हा अस्मिताची आई, चांगुणाबाई, भर मांडवात सख्ख्या भावासमोर उभी राहिली.

"वंदनेत चोर कुठून येईल? समदी आपलीच मानसं. पिशवी तुझ्यापाशी व्हती, दत्तू. गुमान काढ."

दत्तूमामाने आपले दोन्ही रिकामे हात तिच्यापुढे धरले. मग म्हणाला, "अक्का, चार मानसांत बोललीस. चार मानसांतच माघारी घे. तवर तुझ्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई."

त्याने शब्द पाळला. अस्मिताच्या मुलीच्या बारशालाही तो आला नाही.

पुढे धर्मराज नेरूळच्या एका हॉलमध्ये पकडला गेला. पेपरांनी त्याला 'रुबाबदार चोर' करून टाकलं. घणसोलीत मी कधी पाऊलही ठेवलं नाही, असं त्याने पोलिसांना सांगितलं आणि चांगुणाबाईला तेवढंच पुरलं. चोर नाही म्हणतो, म्हणजे भाऊच.

पण नारळ? तो ना तक्रारीत होता, ना पेपरात. मामाने शरमेने मान खाली घालून तो एकट्या अस्मिताला सांगितला होता. आणखी एकाच माणसाला तो ठाऊक असणार, आणि त्या माणसाने तो आता सिनेमावाल्यांना विनोद म्हणून विकला होता.

वाशीत सिनेमाचा खास खेळ होता. नंतर तुरुंगातून सुटलेल्या धर्मराजचा जाहीर सत्कार. अस्मिताने आईला काही न सांगता नेलं.

पडद्यावरचा मामा झोकांड्या खात होता. थिएटर खदखदत होतं.

"दत्तू कवा पितो गं?" चांगुणाबाई मोठ्याने म्हणाली. "त्यो तर तंबाखूबी खात न्हाई."

"आजी, पिक्चर आहे, शांत बसा ना," मागून कुणीतरी म्हणालं.

नारळ आला तसा हशा छताला लागला. चांगुणाबाई हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहिली. मग हलक्या आवाजात तिने विचारलं, "ह्ये नारळाचं खरं हाय?"

"मामाने मला सांगितलं होतं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला सांगायची सोय ठेवली होतीस का?" अस्मिताच्या आवाजाला इतकी धार होती की तिची तिलाच ती टोचली. पण ती थांबली नाही. "चोराचं 'नाही' तू ऐकलंस. भावाचं नाही ऐकलंस."

दिवे लागले. धर्मराज मंचावर चढला, पांढरा सदरा, तोच आवाज. आता समाजासाठी काहीतरी करायचंय, म्हणाला. वॉर्डातून उभं राहा असा लोकांचा आग्रह आहे, म्हणाला. टाळ्या.

अस्मिताचं डोकं रागाने थंड झालं होतं. पर्समधल्या बिलाच्या पाठीवर तिने लिहिलं, 'चांगुणाबाई, ज्येष्ठ समाजसेविका', आणि ते माइकवाल्याच्या हातात ठेवलं. त्याने वाचलं, मान डोलावली आणि पुकारलं, "आपल्या लाडक्या पाहुण्यांचा सत्कार करण्यासाठी मंचावर येत आहेत..."

कुणीही विचारलं नाही, कोण बाई.

"जय भीम, माई," धर्मराज कमरेत वाकून म्हणाला. चांगुणाबाईने एका हातात शाल-नारळ घेतला, दुसऱ्या हातात माइक.

"त्यो नारळवाला, सर. खरंच इतका बावळट व्हता का?"

समोर भरलेलं थिएटर, हसायला तयार. धर्मराजला राहवलं नाही.

"अहो माई, सिनेमात कमीच दाखवलाय! मांडीवर नारळ ठेवून मला म्हणतो कसा, 'सर, उपाशी चाललात, आमाला बरं वाटत न्हाई.' पिशवी माझ्या बगलेत!"

थिएटर कोसळलं. पहिल्या रांगेत उभी राहून अस्मिता मोबाइलवर सगळं टिपत होती.

"त्यो माझा भाऊ," चांगुणाबाई म्हणाली. "दत्तू. घनसोलीच्या मांडवात म्या त्याला चोर म्हनले. तू म्हनला व्हतास, आलोच न्हाई."

धर्मराजचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे अस्मिताच्या मोबाइलकडे गेले. "माई, ती... सिनेमाची गंमत हो."

"मग थांबलास कशाला आता? हस की!"

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. कडाडून टाळ्या पडल्या.

"टाळ्या कुनाला वाजवता रं?" ती ओरडली. माइकवाल्याने लगबगीने माइक काढून घेतला. शाल आणि नारळ मात्र तिने धर्मराजला दिला नाही. दोन्ही टेबलावर आपटून ती खाली उतरली.

रिक्षात अस्मिता म्हणाली, "व्हिडिओ पोलिसांना देते. मामालाही पाठवते."

"पोलिसांना दे. दत्तूला नगं." चांगुणाबाई म्हणाली. "ती हसनारी मानसं चार मानसांत धरत न्हाईत."

रविवारी घणसोलीच्या विहारात वंदनेआधी ती उठली. दत्तूमामा नेहमीसारखा दाराजवळ, डब्याची पिशवी काखेत दाबून. त्या लग्नापासून तो वंदनेतही पिशवी सोडत नसे, काखेत धरूनच हात जोडायचा. लोक मागे हसायचे.

"म्या माझ्या भावाला चोर म्हनले व्हते," चांगुणाबाई म्हणाली. "त्यो चोर न्हाई. माझंच डोस्कं फिरलं व्हतं. ज्यांनी ज्यांनी तवा माझ्या सुरात सूर लावला, त्यांनीबी ऐका."

बऱ्याच माना खाली गेल्या.

"लई लवकर आठवलं, अक्का," दत्तूमामा म्हणाला. आवाजात ओल नव्हती.

ती चालत त्याच्याजवळ गेली आणि हात पुढे केला. "आन ती पिशवी. म्या धरते. तू हात जोड."

त्याने पिशवी दिली नाही. पुढे कुणीतरी वंदना सुरू केली तेव्हा तो वाकला, पिशवी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून जोडले.

पिशवीच्या बंदावर एक पाय मात्र ठेवला.